दवाखान्याचे बिल बागेत फिटते



गेली तीस वर्षे मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो आहे. माझी बहुतेक नोकरी निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत गेली. घरची शेती पिंपळगाव बसवंतच्या शिवारात. माती तपासून घ्या, बियाण्याची पावती जपून ठेवा, पिकाचा विमा वेळेवर उतरवा, फवारणीची वहीत नोंद करा, हे मी किती सभांमधून सांगितले असेल त्याची गणती नाही. आज मात्र पिकाबद्दल लिहायला बसलो नाही. आज लिहायचे आहे ते आपल्या घरातल्या दुखण्याबद्दल आणि दुखण्याला लागणाऱ्या पैशाबद्दल. या बाबतीत मी स्वतः किती गाफील राहिलो ते आधी सांगतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. माझी ठेच तुमच्या कामी यावी एवढाच हेतू.

गोष्ट 2019 च्या मार्च महिन्यातली. आमच्या दोन एकर द्राक्षबागेत माल काढणी चालू होती. मजुरांची टोळी आलेली, क्रेट भरून बांधावर लागलेले, व्यापाऱ्याची गाडी दुपारी यायची होती. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मांडवाखाली खाली बसले. अंगाला दरदरून घाम, छातीत जळजळ, डावा हात जड. सगळ्यांनी ठरवले, पित्त झाले असेल. लिंबू-सोडा दिला, पाठ चोळली. आण्णाही म्हणाले, "काही नाही रे, गाडी भरून होऊ द्या." या पित्ताच्या नादात दोन तास गेले. मग शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये घालून त्यांना नाशिकला नेले. आग्रा रोडने पिंपळगावपासून नाशिक तीसेक किलोमीटर. 108 नंबरची रुग्णवाहिका फुकट येते आणि तिच्यात डॉक्टर असतो, हे मला माहीत होते. पण त्या घाईत ना मला आठवले, ना दुसऱ्या कोणाला.

जो पहिला मोठा खाजगी दवाखाना दिसला तिथे आत घेतले. हृदयाचा झटका निघाला. रात्रीत अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. डॉक्टरांनी जीव वाचवला. त्याबद्दल आमच्या घरात कोणाच्या मनात किंतु नाही, आणि जीव वाचवणाऱ्याचे उपकार विसरू नयेत.

आता बिलाकडे येतो.

पांढरे कार्ड

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या मुलाने वहिनींना विचारले, "रेशनकार्ड कोणतं आहे? पिवळं की केशरी?" वहिनींनी पिशवीतून कार्ड काढून दिले. ते पांढरे होते. तो म्हणाला, "योजनेत बसत नाही." वहिनींनी माझ्याकडे पाहिले. बोलल्या काहीच नाहीत.

ते कार्ड पांढरे कसे झाले ते ऐका. 1 मे 1999 पासून महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डे आली. गरिबांना पिवळे, मधल्यांना केशरी आणि ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न एक लाख किंवा त्याहून जास्त, किंवा ज्यांच्याकडे चारचाकी आहे, किंवा चार हेक्टरांहून जास्त बागायत आहे, त्यांना पांढरे. त्या वेळी आमचे कुटुंब एकत्र होते. फॉर्म मी भरला, कारण घरात शिकलेला मीच. माझा सरकारी पगार आणि शेतीचे उत्पन्न धरून आकडा लाखावर गेला. कार्ड पांढरे आले. खरे सांगायचे तर तेव्हा आम्हाला त्याचा अभिमानच वाटला. आण्णा म्हणाले होते, "बरं झालं, आता रॉकेलच्या रांगेत उभं राहायला नको."

पुढे मी नोकरीमुळे वेगळा राहू लागलो. माझ्या बायकामुलांचे कार्ड निराळे झाले. माझा पगार आण्णांच्या घरातून गेला, कार्डाचा रंग मात्र तसाच राहिला. दुसऱ्यांचे कागद घेऊन तहसील कचेरीत शंभर वेळा गेलो असेन. सख्ख्या भावाचे कार्ड एकदाही काढून पाहिले नाही.

आणि योजना तर होती! राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 2013 मध्ये सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, आणि अँजिओप्लास्टी त्या यादीत होती. पण ती पिवळ्या आणि केशरी कार्डाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावरही लाभ होता. नाशिक त्या चौदांत नव्हता. द्राक्षाचा जिल्हा म्हणजे पैशाचा जिल्हा, असा बाहेरच्यांचा समज. बागेवर कर्ज किती आहे ते बांधावरून दिसत नाही.

माझ्या नोकरीतली औषधोपचाराची सवलतही उपयोगी पडली नाही. ती बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांच्यासाठी. थोरला भाऊ त्यात येत नाही. आपल्या घरात थोरला भाऊ बापाच्या जागी असतो. नियमात तशी जागा नाही.

सहा दिवसांनी आण्णा घरी आले. बिल झाले 2,38,000 रुपये. माझ्या बचतीतले साठ हजार. वहिनींच्या पाटल्या बँकेत ठेवून सत्तर हजार. उरलेले 1,08,000 शेकडा तीन रुपयांनी हातउसने. शेकडा तीन ऐकायला थोडे वाटते. हिशोब करा. महिन्याला 3,240 आणि वर्षाला जवळजवळ 39,000 रुपये नुसते व्याज.

बिल कुठे फिटते

आता शेतकऱ्याला समजेल अशी गोष्ट सांगतो. शहरातला माणूस म्हणतो, दवाखान्याचे बिल खिडकीवर भरले की संपले. आपले तसे नसते. आपले बिल खिडकीवर सुरू होते आणि पुढची दोन-तीन वर्षे बागेत फिटत राहते.

द्राक्षाचे तुम्हाला ठाऊक आहे. माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्या छाटणीनंतर दुसऱ्या महिन्यात काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण पुढच्या वर्षीचे पीक तिथेच ठरते. म्हणून त्या काळात शेणखत, खते, पाणी, विरळणी यांत कसूर करायची नाही, हे मी पंचवीस वर्षे सांगत आलो. त्या वर्षी आमच्याच बागेत छाटणी तीन आठवडे उशिरा झाली. आण्णा अंथरुणावर, मी रजा संपवून बसलेलो, हातात पैसा नाही. शेणखताची एक गाडी आली नाही. रासायनिक खत निम्मे पडले. विरळणीला जिथे दहा बाया लागायच्या तिथे वहिनी आणि पुतणी अशा दोघी.

ऑक्टोबर छाटणीनंतर मांडवाखाली उभा राहिलो आणि काय ते कळले. घड मोजके, बाकी बाळ्याच बाळ्या. त्यात त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने सगळ्याच नाशिक जिल्ह्याला झोडपले. त्याचा दोष दवाखान्याला देणार नाही. पण ज्यांच्या हातात भांडवल होते त्यांनी पावसातही फवारण्या साधल्या आणि थोडाफार माल वाचवला. आमच्याकडे औषधाच्या दुकानाची आधीचीच उधारी होती. जो काही माल राहिला तो काढायला आला मार्च 2020 मध्ये, आणि टाळेबंदी लागली. पुढचे तुम्ही सगळ्यांनी भोगले आहे, मी काय सांगू?

2021 मध्ये ट्रॅक्टर विकून हातउसने फेडले. वहिनींच्या पाटल्या त्यानंतर सुटल्या. आणि एक गोष्ट कायमची गेली. पुतणी 2019 साली बारावी विज्ञानाला चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिला माझ्यासारखे कृषी पदवीधर व्हायचे होते. लहानपणापासून माझ्या फटफटीवर बसून प्लॉट पाहायला यायची. त्या वर्षी बाहेरगावच्या वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता. तिने पिंपळगावच्याच कॉलेजात नाव घातले. मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. म्हणूनच जास्त लागते.

हा हिशोब कोणत्याही बिलावर छापलेला नसतो.

आमचेच नशीब फुटके, असेही नाही. केंद्र सरकारने 2017-18 मध्ये देशभर घरोघरी जाऊन नमुना पाहणी केली. खेड्यातला माणूस एकदा सरकारी रुग्णालयात भरती झाला तर सरासरी खर्च सुमारे 4,300 रुपये, आणि खाजगीत सुमारे 27,300 रुपये, असे तिच्यात आढळले. सहा पटींहून जास्त. हे सरासरीचे आकडे. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग असले दुखणे निघाले की आकडा लाखात जातो. देशात औषधपाण्यावर जो एकूण खर्च होतो, त्यातला लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये शंभरातले 64 रुपये होता. 2021-22 मध्ये तो 39 रुपयांवर आला, असे सरकारी हिशोब सांगतात. कमी झाला हे चांगलेच. पण ते 39 रुपये ज्याच्या घरातून एकदम जातात, त्याला सरासरी सांगून उपयोग नाही.

लिलाव आणि दवाखाना

पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोचा नाहीतर कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला असेल. भाव पटो न पटो, तो सगळ्यांच्या देखत पुकारला जातो. दहा व्यापारी असतात. नाही पटला तर ट्रॅक्टर वळवून परत नेता येतो, निदान तशी मोकळीक तरी असते. दवाखान्यात आपला माणूस स्ट्रेचरवर असतो. तिथे कोणी भाव पुकारत नाही. विचारायची आपल्याला भीती वाटते, आणि लाजही वाटते. माणसापुढे पैशाचे काय विचारायचे, असे वाटते. आपण सही करतो आणि सहा दिवसांनी आकडा कळतो. आपल्या मालाचा भाव दुसरा ठरवतो आणि आपल्या दुखण्याचाही भाव दुसराच ठरवतो. दोन्ही टोकांना आपण गिऱ्हाईक म्हणून उभे.

पण ठरवले तर दर ठरवता येतात, हेही आपण पाहिले आहे. औषध बसवलेला स्टेंट पूर्वी लाख-दीड लाखाला लागायचा. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या औषध दर प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली. एका आदेशाने किंमत चौथाईवर आली. कोरोनात, मे 2020 मध्ये, महाराष्ट्र सरकारने खाजगी रुग्णालयांच्या शंभरातल्या 80 खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डाला दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागाला 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000. जिथे लेखापरीक्षक बसले तिथे बिले तपासली गेली.

आण्णांचे बिल मी नंतर शांतपणे वाचले. दोन स्टेंटचे मिळून साठ हजारांच्या आसपास, कारण तो दर बांधलेला. उरलेले पावणेदोन लाखांहून जास्त म्हणजे खोली, अतिदक्षता, औषधे, तपासण्या आणि 'इतर साहित्य'. 'इतर साहित्य' म्हणजे काय, हे मला कृषी पदवीधराला समजले नाही. विचारायला हवे होते. खताच्या दुकानदाराने मला 'इतर साहित्य' लिहिलेली पावती दिली असती, तर मी ती घेतली असती का?

डॉक्टरांचीही बाजू आहे. यंत्रे महाग, जागा महाग, शिक्षण महाग. सगळेच लुटायला बसलेले नाहीत. रात्री-बेरात्री उठून पैशाचे न विचारता सुई देणारे डॉक्टर आपल्या गावागावांत आहेत. पण ज्याचा भाव आधी सांगितला जात नाही, त्याचा हिशोब नंतर जुळत नाही, हे बाजार समितीत जाणाऱ्या माणसाला शिकवायला नको.

ज्वारीवर औषधपाणी

माझ्या लहानपणी आमच्याकडे सायकलवर चामडी बॅग लावून एक डॉक्टर यायचे. वडील त्यांना म्हणायचे, "डॉक्टर, कांदा विकला की देतो." आणि द्यायचे. कधी पैसे, कधी दोन पायली बाजरी. तो जमाना गेला. तेव्हा मोठ्या दुखण्यावर इलाजच नव्हता, माणूस जायचा. त्यामुळे जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. पण खळे झाल्यावर द्यायचे, ही रीत शेतकऱ्याला साजेशी होती.

त्या रीतीवर आपल्याच महाराष्ट्रात एक मोठा प्रयोग झाला, तो तुम्हाला ठाऊक असावा. वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉ. सुशीला नायर यांनी तिथे 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी 1980 च्या आगेमागे आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा आरोग्य विमा सुरू केला. सुगीत, ज्वारी घरात येते त्या वेळी, प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याला जमीन जास्त त्याने जास्त, भूमिहीनाने थोडी. गावातल्या बहुसंख्य घरांनी भाग घेतला तरच गाव योजनेत. त्या ज्वारीच्या पैशातून गावात आरोग्यसेवक आणि प्राथमिक औषधे. मोठे दुखणे निघाले की सेवाग्रामला उपचार, तेही फुकट किंवा अगदी थोड्या पैशात.

मी कृषी खात्याचा माणूस म्हणून यात तीन गोष्टी पाहतो. पहिली, हप्ता माल हातात असताना घेतला. आपल्याकडे पैसा बारा महिने नसतो, सुगीत असतो. दुसरी, ऐपतीप्रमाणे घेतला. तिसरी, गाव एकत्र आले म्हणून दवाखान्याशी बोलता आले. एकट्या माणसाला दवाखाना दर सांगतो, गावाशी दराची बोलणी होतात.

शेजारच्या कर्नाटकात 2003 मध्ये यशस्विनी नावाची योजना सुरू झाली. ती सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी होती. सुरुवातीला माणशी वर्षाला 60 रुपये भरून शस्त्रक्रियांचा खर्च भागत असे. 2018 मध्ये ती थांबली आणि पुढे पुन्हा सुरू करावी लागली. आपल्या भागात सोसायट्या आहेत, दूध संस्था आहेत, पतसंस्था आहेत. सहकार आपल्याला कोणी शिकवावा असे नाही. पण दुखण्याच्या बाबतीत आपण तो वापरलाच नाही.

आणि हे फक्त आपल्या गरीब देशातच लागते असे समजू नका. कॅनडात सस्कॅचेवान नावाचा गव्हाचा प्रांत आहे, सगळा शेतकऱ्यांचा. तिथल्या गावांनी शंभर वर्षांपूर्वीच करातून पगार देऊन डॉक्टर नेमायला सुरुवात केली, कारण एकट्या शेतकऱ्याला डॉक्टर परवडेना. त्या प्रांताचे मुख्यमंत्री झालेले टॉमी डग्लस लहानपणी पायाच्या हाडाच्या दुखण्याने पाय गमावायच्या बेतात होते. घरात पैसा नव्हता. एका डॉक्टरने विद्यार्थ्यांना शिकवता येईल म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. पाय वाचावा की जावा हे नशिबावर नसावे, हे त्यांच्या मनात बसले. 1947 मध्ये त्या प्रांताने रुग्णालयाचा खर्च सर्वांसाठी उचलला, 1962 मध्ये डॉक्टरांच्या फीचाही. डॉक्टरांनी तीन आठवडे संप केला, पण योजना टिकली. दहा वर्षांत सगळ्या कॅनडाने तीच वाट धरली. सुरुवात मात्र गहू पिकवणाऱ्या गावांनी केली होती.

आज काय करता येईल

आता कामाचे. सभेत शेवटी मी नेहमी चार गोष्टी वहीत लिहून घ्यायला सांगतो. इथेही लिहून घ्या.

एक. रेशनकार्ड आजच कपाटातून काढा. 2019 ची परिस्थिती आज राहिलेली नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सर्व कार्डधारकांना, म्हणजे पांढऱ्या कार्डालाही, घेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला आणि 1 जुलै 2024 पासून वाढीव योजना लागू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. पण कार्डावर सुनेचे नाव आहे का? नातवाचे आहे का? आधारवरचे नाव आणि कार्डावरचे नाव जुळते का? कार्ड ऑनलाइन नोंदले आहे का? दुखणे आल्यावर या चुका दुरुस्त करायला वेळ नसतो. तहान लागल्यावर विहीर खणून पाणी मिळत नाही. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्राने ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड दिले आहे. तेही काढून ठेवा.

दोन. योजना सगळ्या दवाखान्यांत नसते आणि सगळ्या दुखण्यांना नसते. यादीतले रुग्णालय आणि यादीतला उपचार, असे दोन्ही जुळावे लागते. आपल्या जवळची यादीतली रुग्णालये कोणती, ते आताच विचारून वहीत लिहा. 155388 या नंबरवर माहिती मिळते. तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राला भेटा. ही योजना बिनरोकड आहे. आधी पैसे भरले आणि मग योजना आठवली, तर भरलेले पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.

तीन. सरकारी दवाखान्याला नाक मुरडू नका. आपल्या गावच्या ग्रामीण रुग्णालयात, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगासाठी नाशिकला शासनाचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. आण्णांच्या वेळी मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. गर्दी असते, थांबावे लागते, हे खरे. छातीत कळ आली असेल तर थांबू नका, 108 ला फोन करा आणि सर्वांत जवळ जिथे सोय असेल तिथे पोहोचा. पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला, हर्निया असो, मोतीबिंदू असो, चौकशी न करता घर गहाण टाकण्याचे कारण नाही. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनाही शंभरातल्या 10 खाटा निर्धनांना मोफत आणि 10 दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उच्च न्यायालयाने ठरवलेली ही व्यवस्था 2006 पासून आहे. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो.

चार. भाव विचारा आणि पावती मागा. 2021 मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृहांच्या नियमांत दुरुस्ती केली. रुग्णाच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणे खाजगी दवाखान्यांना बंधनकारक झाले. दिसले नाही तर नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, अंदाजे किती येईल? दरपत्रक कुठे आहे?" त्यात अपमान कोणाचाच नाही.

पाच. रोजच्या गोळ्यांचा खर्च पाहा. साखर, रक्तदाब, हृदय यांच्या गोळ्या जन्मभर लागतात, आणि हा खर्च योजनेत येत नाही. इथे आपल्याला फवारणीचेच ज्ञान कामी येते. बुरशीनाशकाच्या पुड्यावर कंपनीचे नाव मोठे असते आणि खाली बारीक अक्षरात मॅन्कोझेब लिहिलेले असते. आपण शहाणे शेतकरी खालचे वाचतो. गोळ्यांचेही तसेच. पाकिटावर घटकाचे नाव वाचा, मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, अॅटोरव्हास्टॅटिन. तोच घटक, तेवढ्याच मिलिग्रॅमचा, जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. डॉक्टरांना विचारून बदला. स्वतःच्या मनाने गोळी बंद मात्र करू नका. पैसे वाचवायला गोळी सोडली आणि पुन्हा दवाखाना गाठला, अशी घरे मी पाहिली आहेत.

या पाच गोष्टी एकेका घराने करायच्या. सहावी गोष्ट गावाने करायची आहे. ग्रामसभेत आपण रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांवर बोलतो. वर्षातून एकदा दुखण्यावर बोला. कोणाचे कार्ड अपुरे आहे, यादीतला दवाखाना कोणता, गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहेत का, औषधे येतात का, हे भर सभेत विचारा. सोसायटीने किंवा बचत गटाने सुगीत, कांदा-द्राक्षाचा पैसा येतो त्या वेळी, घरटी थोडी रक्कम काढून गावाची दुखण्याची पेटी ठेवली, तर रात्री दोन वाजता शेकडा तीनने पैसे मागत दारोदार हिंडावे लागणार नाही. सेवाग्रामच्या भोवतालच्या खेड्यांनी ज्वारीवर हे केले. आपण द्राक्षाचे, कांद्याचे लोक. आपल्याला न जमण्यासारखे यात काही नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये खरड छाटणीला मी रजा काढून गेलो होतो. आण्णा आता जड काम करत नाहीत. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि कात्री कशी चालते ते बघतात. दुपारी वहिनींनी गोळ्यांचा डबा आणला. आण्णांनी चष्मा लावून पाकीट उलटे केले, घटक वाचला, आणि मला म्हणाले, "बरोबर आहे ना रे, साहेब?" मी म्हणालो, "बरोबर आहे."

वहिनी आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डे, आण्णांचे जुने रिपोर्ट, आणि एका कागदावर पुतणीच्या अक्षरात लिहिलेली यादीतल्या रुग्णालयांची नावे. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "ही पिशवी दाराच्या मागे खुंटीला टांगलेली असते. कोणालाही सापडेल."

तुमच्या दाराच्या मागे अशी पिशवी आहे का? नसेल तर हा अंक खाली ठेवा, आणि आधी ती करा.